लोणी देवकरचा दाणेदार मध

म्हणजे पुन्हा तेच! पाण्यात थेंब सोडा, सरळ तळाला गेला की मध खरा. फडक्यावर टाका, डाग पसरला नाही की मध खरा. कुत्र्यापुढे धरा, त्याने तोंड फिरवलं की मध खरा. गेल्या दिवाळीच्या आपल्या हस्तलिखित अंकात हे आलं होतं आणि शंकरभाऊ याही वेळी तेच लिहायला बसले होते. मी म्हणालो, खोटं आहे हे सगळं. ते म्हणाले, "किती दिवस भांडणार आहेस? तू जाऊन आलास ना? मग तूच लिही, आणि वाट कशी, खर्च किती तेही लिही. गावाकडून मध आणायचं म्हणणारे इथं गिरणीत ढिगानं आहेत."

म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं शिक्षण. चुका शंकरभाऊंनी दुरुस्त कराव्यात, मजकूर मात्र बदलू नये.

पौषात दादाचं पत्र आलं. आईचा खोकला हटत नाही, वैद्यांनी चूर्ण दिलंय, ते मधातून चाटवायचं, एक शेर चांगला मध पाहिजे. मी लगेच रजा टाकली. साहेबाने सहा दिवस दिले, त्यातले चार गाडीतच जाणार. अहमदाबादेतून बाटली न्यावी असं आधी मनात होतं. पण आमच्या इंदापूर तालुक्यात मध असताना गुजरातेतून कशाला न्या?

अहमदाबादहून मुंबई, तिथे मद्रासकडे जाणारी गाडी धरायची आणि दौंडला उतरायचं. बसायला जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका, मला दौंडपर्यंत मिळाली नाही. दौंडहून बारामतीला छोटी गाडी जाते. ती इतकी सावकाश चालते, की माझ्या समोरचा म्हातारा मधेच एका ठिकाणी उतरला, रुळाच्या कडेला जाऊन आला आणि पुन्हा डब्यात चढला. "गाडी वळखीची हाय," तो म्हणाला, "आपल्याला टाकून जाती व्हय?" बाहेर ज्वारी पोटऱ्यात आली होती. हवेत गारठा होता. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे मी दारातच उभा होतो.

बारामतीला स्टेशनाजवळच्या खानावळीत पिठलं, भाकरी आणि ठेचा. सहा आण्यांत पोट भरतं, भाकरी मागाल तितकी. तिथून इंदापूरची एस.टी. धरली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही एस.टी. आमच्या सणसरवरूनच जाते. रस्त्यावरून आमचं घर दिसतं. दारातल्या बाजेवर आईची गोधडी वाळत घातलेली होती, तीही दिसली. कंडक्टरने विचारलं, "सणसर कोन हाय?" मी बोललो नाही. म्हटलं, मध घेऊनच दारात जायचं, रिकाम्या हाताने नाही. गाडी पुढे गेली.

इंदापूरला उतरून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने लोणी देवकरच्या फाट्यावर गेलो. फाट्यापासून धोंडीआबाची झोपडी तासाभराच्या वाटेवर, माळाला लागून आहे. धोंडीआबा म्हणजे मव काढणारा. आम्ही मधाच्या पोळ्याला मवच म्हणतो. मी लहान असताना तो सणसरला येऊन आमच्या बांधावरच्या लिंबावरचं मव काढायचा. धूर करून, माश्यांशी बोलत बोलत, मधाचा तेवढा भाग कापायचा आणि पिलांचा भाग फांदीवर तसाच ठेवायचा. आम्हा पोरांना पोळ्याचा तुकडा चघळायला द्यायचा. मध आमच्या घरात त्या दिवशीच संपायचा. साठवलेला मध मी कधी पाहिलाच नव्हता, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आबाने मला ओळखलं. "पारबतीचं धाकटं नव्हं तू? लई लांब गेलास म्हनं." मग आईचं ऐकून आत गेला आणि एक मडकं घेऊन आला. वरचं कापड सोडलं. आत पांढुरकं, घट्ट, दाणे दाणे झालेलं काहीतरी. बोट घातलं तर रवाळ लागलं.

मी म्हणालो, "आबा, ह्यात साखर हाय."

"थंडीनं बसलाय त्यो. कार्तिकातला मध हाय, असाच व्हतो."

"मध कवा गोठतो व्हय? तूप हाय का ते?"

"बरं, त्यो नगं तर आठ दिस थांब. बोरीवर एक मव धरलंय, ताजं काढून देतो."

आठ दिवस! मला दोन दिवसांनी परतीची गाडी धरायची होती. आणि खरं सांगायचं तर रजा असती तरी मी थांबलो नसतो. या आधीच्या तीन नोकऱ्या मी अशाच सोडल्यात.

आबा म्हणाला, "मग ह्येच ने. पैसं आज नगं. थंडीतल्या मधाचं पैसं मी चैताशिवाय घेत न्हाय, बापापासनं रीत हाय आमची. चैताच्या उन्हात ठिव. समदा पातळ झाला तर माझं शेराचं अडीच रुपयं दे. साखर तळाला ऱ्हायली तर मडकं आनून माझ्या दारात फोड."

मला वाटलं, कोण आपला माल असा फुकट देतो? ज्याला ठाऊक आहे, की हे गिऱ्हाईक परमुलखातलं आहे, चैत्रात काही परत येत नाही, तोच. माझ्या अंगात अहमदाबाद होतं. मी म्हणालो, "आबा, साखरच विकायची तर बाजारात दुकान घाला. आजाऱ्याच्या औषधात तरी मिसळू नका."

शेजारच्या दारात एक बाई शेण थापत होती, तिचे हात थांबले. आबाने मडकं जवळ ओढलं. कापड पुन्हा मडक्याला बांधलं. बांधताना गाठ दोनदा सुटली.

मी इंदापूरच्या बाजारात आलो. एका दुकानात काचेच्या बरणीत मध होता, तांबूस, पातळ, धार लावली की तुटायची नाही. मी अंकातल्या तिन्ही परीक्षा केल्या. दुकानदाराने स्वतः पेला भरून दिला. थेंब सरळ तळाला गेला. फडक्यावर पसरला नाही. दुकानाच्या पायरीवर कुत्रं होतं, त्याने तोंड फिरवलं. "घ्या, आता ह्या मुक्या जनावरावर तर इस्वास ठिवाल?" दुकानदार म्हणाला. शेजारीच हलवायाचं दुकान होतं, तिथलं खाऊन त्या कुत्र्याला गोडाचा कंटाळा आलेला असणार, हे मला आता सुचतं. तीन रुपये शेर. मी घासाघीस न करता शेरभर बाटलीत भरून घेतला.

दिवस मावळायच्या आत सणसर गाठलं. आई भिंतीला टेकून बसली होती. फार वाळली होती. मी बाटली दाखवली, कुठे कुठे फिरलो ते सांगितलं, परीक्षा सांगितल्या. वैनीने चूर्ण कालवलं, मी माझ्या बोटाने आईला चाटवलं. तिने डोळे मिटले, जिभेवर थोडा वेळ धरलं आणि गिळलं.

"कसा हाय?"

"ग्वाड हाय रं," ती म्हणाली. "लांबनं आनलास."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. बाजेवर गोधडी तशीच होती.

फाल्गुनाच्या अखेरीला तार आली. त्याच वाटेने गेलो, तेच बदल, तीच छोटी गाडी. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मी फक्त डोकं भादरून घेतलं.

धाव्याला, म्हणजे दहाव्याच्या दिवशी, मंडळी जेवून गेल्यावर, रस्त्याने कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर मडकं, हातात काठी. धोंडीआबा लोणीहून इतक्या लांब एस.टी.ने आणि चालत आला होता. पाडवा होऊन गेला होता. तो आमच्या घरी मध दाखवायला आला होता, मी असेन हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझं डोकं बघून तो अंगणातच थांबला. "कवा?"

"आज धावा हाय, आबा."

तो खाली बसला. मडकं बाजूला ठेवलं. मग कापड सोडून माझ्याकडे सरकवलं. मध उन्हासारखा स्वच्छ झाला होता. तळाला एक दाणा नव्हता. मी मनगटापर्यंत हात घालून बघितला.

दादाने माझी ती बाटली आणली, निम्मी शिल्लक होती. आबाने करंगळीने चाखली आणि बाहेर थुंकला. "काकवी हाय ही. वास येयापुरता मध घातलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकवीबी पान्यात तळालाच जाती, लेका."

तेव्हा वैनी दारातून बोलली. "आत्याबाईंनी पयल्याच बोटाला वळखलं हुतं. ईस वर्सं गुऱ्हाळावर मळी काढली त्यांनी, त्यास्नी काकवी कळंना व्हय? मला म्हनल्या, त्याला सांगू नगंस. पोरगं दोन दिस उभं ऱ्हाऊन आलंय."

"मग चूर्न?" मी विचारलं.

"कोमट पान्यातनं घ्यायच्या. बाटली मातुर उशाला ठिवायच्या. कोन आलं की दावायच्या, धाकट्यानं आनलाय म्हनून."

 आबाने नाक पुसलं.

खरा मध असता तर आई वाचली असती असं वैद्यसुद्धा म्हणाले नाहीत. छाती आधीच गेली होती म्हणाले. पण तिला शेवटी एकदा लिंबावरच्या मवाची चव मिळाली असती. ती चव एका तिकिटावर होती, आणि मी त्या मधाला साखर म्हणालो.

आबाचे पाय धरले. त्याने पाय काढून घेतले. पैसे पुढे केले, तर म्हणाला, "आज ह्या घरातनं घेत न्हाय. तिकडं गेल्यावर धाड. शेराचंच. वर एक पैसा आला तर परत पाठवीन."

तो मध मी इकडे आणलाय. आता थंडी पडली की तो पुन्हा दाणेदार होईल, तेव्हा खोलीवर येऊन बघून जा. मधात साखर असते ती अशी असते. तुम्ही तिकडे गेलात तर पाणी, फडकं, कुत्रं काही करू नका. मव काढणाऱ्याच्या दारात जा आणि पैसे कधी घेणार ते विचारा. आज नको, चैत्रात दे म्हणाला, तर मडकं उचला. आणि वाटेत तुमचं गाव लागलं तर आधी उतरा.

आबाचे पैसे इतके महिने राहून गेले होते, म्हणून काल पोस्टात गेलो होतो. मनिऑर्डरच्या फॉर्मवर आधी दहा लिहिले, मग खोडले. मास्तरांनी दुसरा फॉर्म दिला. त्यावर पाच लिहिणार होतो, हात थांबवला. धोंडीआबा, मुक्काम लोणी देवकर, तालुका इंदापूर. एक शेर मधाचे, रुपये दोन, आणे आठ.