हातांवर बसणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम हातांवर बसायच्या. म्हणजे अक्षरशः. प्रयोगाला कुणी आलं की त्या कोपऱ्यातलं स्टूल ओढून घ्यायच्या, दोन्ही तळवे मांडीखाली सारायच्या आणि समोरचा माणूस यंत्राशी झटापट करत असेपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. पोरं पाठीमागे त्यांना मौनी मॅडम म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज शहराबाहेर, आणि आमची प्रयोगशाळा कॉलेजच्याही टोकाला. तिथं थ्रीडी प्रिंटर होते. संगणकावर आकार काढून द्यायचा आणि यंत्र प्लॅस्टिकची तार वितळवत, थरावर थर चढवत ती वस्तू बनवून देतं. पण मॅडमचं संशोधन यंत्रावर नव्हतं. ज्याने आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही, त्याला या यंत्राकडून हवी ती वस्तू बनवून घेता येईल का, हा त्यांचा प्रश्न. यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या वीतभर जागेत त्यांनी सगळी नोकरी काढली.

मी त्यांच्याकडे पीएचडीला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांचा राग बघितला. एका काकूंना पडद्यावरचं बटण सापडत नव्हतं. मी सहज बोट पुढे करून दाखवलं. काकू गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तू आत्ता त्यांना मदत नाही केलीस. यंत्राला पाठीशी घातलंस." मग स्वतःच खदखदून हसल्या आणि मला हातांवर बसायला शिकवलं. वाटतं तेवढं ते सोपं नाही. हात झोपतात, मुंग्या येतात, आणि समोरच्याची फजिती बघताना जीव नुसता कासावीस होतो. कुणी ओशाळून "चुकलं माझं" म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुमचं नाही, यंत्राचं चुकलं."

आपली माणसं भिडस्त, हा त्यांच्या शास्त्राचा सगळ्यात मोठा शत्रू. शहरातल्या शहागंजातले एक घड्याळवाले चाचा आले होते. मॅडमनी आधी चहा पाजला. झालं! यंत्र तीनदा अडलं तरी चाचा "बहोत बढिया, मॅडम" म्हणत राहिले. ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? तेव्हापासून चहा प्रयोगानंतर. शिवाय मॅडम चक्क खोटं बोलू लागल्या. "हे यंत्र माझं नाही हो. बाहेरून आलंय. मला तर अजिबात आवडत नाही." पुढच्या खेपेला चाचांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सच्ची बोलूं मॅडम? इसकू फेक देव." ते वाक्य मॅडमनी कितीतरी दिवस सगळ्यांना ऐकवलं. एखाद्या बाईने पोराचे मार्क सांगावेत, तशा सांगायच्या.

खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी फसलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. वाकडी हँडलं, न बसणारी झाकणं, धड ना पेला धड ना पणती असलं काहीतरी. परदेशी पाहुणे आले तरी आधी तो कट्टा. प्राचार्यांचा चेहरा पडायचा. मॅडम एकेक वाकडी वस्तू पाहुण्यांच्या हातात ठेवून ती कशी फसली ते रंगवून सांगायच्या, आणि पाहुणे सगळ्यात जास्त वेळ तिथंच रेंगाळायचे.

माझ्या पीएचडीला विषय मिळाला तो माझ्या आत्यामुळे. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आता देवगाव रंगारीला थोडी शेती आणि बाकी मजुरी. आत्या खुरपणीच्या बायांची म्होरकी. बैलगाडीच्या साखळीत अंगठा सापडला आणि तो पुढे वाकेनाच. खुरप्याची मूठ धरता येईना. बाया सकाळी तिच्या दारावरून रानात जायच्या, आणि ती तोंड फिरवून भांडी घासत बसायची. ते मला बघवत नसे. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आत्यांना आकार काढता येईल अशी कुठली गोष्ट त्यांच्या रोजच्या हातातली आहे?"

कणीक. कणकेचा गोळा मुठीत दाबायचा. कॅमेरा त्याच्यावरचे बोटांचे खळगे टिपणार आणि प्रिंटर त्या हाताला बसेल अशी खुरप्याची मूठ बनवून देणार. कल्पनेवर मी खूश होतो. आत्या आली, गोळा दाबला, माझ्या हातात दिला. छापून आलं ते लाटण्यासारखं गुळगुळीत. खुरपं तिच्या हातातून निसटलं. "छान हाय बाळा," म्हणाली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेली. इतर बायांचंही तसंच. मी कॅमेरा बदलला, दिवे बदलले, प्रोग्रॅम नव्याने लिहिला. लाटणीच निघत राहिली.

शेवटी आत्याला पुन्हा आणलं, आणि या वेळी मॅडम कोपऱ्यात हातांवर बसल्या. प्रयोग संपेपर्यंत गप्प. मग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आत्या, गोळा देताना त्याच्यावरून हात का फिरवलात?"

"म्या? कवा?"

"आत्ता. याच्या हातात देण्याआधी."

आत्याने रिकामा तळवा हवेत फिरवून बघितला. मग म्हणाली, "अवो, बोटं उठलेली कणीक कुणाच्या हाती देतेत व्हय?"

मी कपाळावर हात मारला. मॅडम मात्र माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "आपण मागतो, म्हणून त्या नीटनेटकं करून देतात. मागूच नकोस."

मग खुरप्याची दांडी मेजावर पक्की बसवली, तिच्यावर कणीक थापली. मूठ धरायची आणि हात काढून घ्यायचा. देणं नाही, घेणं नाही. कॅमेराच भोवती फिरणार. नवी मूठ आत्याने हातात घेतली, उलटसुलट केली आणि मॅडमच्या तोंडावर सांगितलं, "लई जाड झालीय. अन् हितं बोचायलीय. परत करा."

मॅडमचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. "तुम्हीच करा," म्हणाल्या. आत्याने केली. ती दुसरी मूठ घेऊन ती तडक बाहेर गेली, प्रयोगशाळेपुढच्या वाफ्यात बसली आणि सगळं गवत काढूनच उठली. मॅडम पायरीवर बसल्या होत्या. तिथंही हात मांडीखाली! मला इतका अभिमान वाटत होता की त्यातला आत्याचा किती आणि मॅडमचा किती, हे सांगता आलं नसतं.

पुढे तो सगळा संच गावातल्या शाळेच्या एका खोलीत ठेवला, आणि मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे बंगळूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, "मॅडम, आपलं काम यशस्वी झालं." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "आपण तिथं होतो रे. आपण नसताना चाललं, तर चाललं म्हणायचं."

परवा न कळवता गावी गेलो. खोलीत शेजारच्या आळीतली एक म्हातारी दांडीवरच्या कणकेशी झगडत होती. तिला विळ्याची मूठ हवी होती. अडली होती, कावली होती. आणि बाजूला आमची आत्या, जी उभ्या आयुष्यात कुणाच्या कामात नाक खुपसल्याशिवाय राहिली नाही, ती तोंड मिटून बसली होती. दोन्ही हात मांडीखाली.

"सांग की गं," म्हातारी म्हणाली.

"नाय. मॅडम बी अशाच बसायच्या. हात लावला की मानसाला येत नाय."

मी दारातूनच मागे सरकलो आणि मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तू कुठं आहेस?" त्यांनी विचारलं. आवाज जरा ओला होता.

"दारात."

"मग आत जाऊ नकोस."