जावयानं दिलेला हात

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं हे ऐकताना एकाच्या नाकातून आला होता.

तर मी शिंपी. श्रीगोंद्यात शिलाई मशीन हाणायची, एवढीच माझ्या पायांची कसरत. पण कुस्ती बघायचा नाद असा, की कुठं कुस्त्यांचा हगामा आहे म्हटलं की गिऱ्हाइकाची अर्धी विजार मशीनवर तशीच. मातीत कधी उतरलो नाही. बाहेर बसून मात्र भल्याभल्यांना डाव शिकवले. ओरडून ओरडून घसा बसायचा, त्याचं सुख काय सांगू तुम्हाला.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. लग्न नवं, सासुरवाडी तिसगावजवळ. जत्रेचं बोलावणं आलं. सासरे हगाम्याचे पंच. जेवताना मी त्यांना इतके डाव समजावले, की मामा हात धुवायचे विसरले. "आमचं जावई लई जाणकार हायती," असं त्यांनी गावभर सांगितलं. आता ही इज्जत राखणं आलं की नाही?

दुपारी मी फेटा बांधून पहिल्या रांगेत. समोरच्या घराच्या माळवदावर बायका, त्यात आमची ही. हलगी कडाडली आणि भिवा पैलवान आला. त्याच्या कुस्त्या मी तालुके पालथे घालून पाहिलेल्या. माझं दैवतच ते.

मामांच्या जोडीच्या पंचांनी त्याचा हात वर धरून त्याला रिंगणाभोवती फिरवायला सुरुवात केली. ज्याला लढायचंय त्यानं पुढं होऊन हात मिळवायचा. मिळवला की जोड ठरली. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही हो. पण भिवा माझ्यापुढं थांबला, माझ्याकडं बघून हसला, आणि माझं भानच सुटलं. उठलो, त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि हलवत राहिलो.

हलगी थांबली. मग दुप्पट वाजायला लागली.

"पावनं, काय केलंत ह्ये?" मामा जवळ येऊन पुटपुटले.

"मामा, मी आपला नुसता भेटलो त्याला."

"हात दिला ना? आता मागं सरलात तर मला गावात त्वांड दाखवाया जागा न्हाई. कापडं काढा."

काढली. माझ्या बरगड्या पुढच्या रांगेनं बसल्या जागी मोजल्या. लंगोट मामांचा, किती वेढे दिले तरी सुटायच्या बेतात. माळवदावर हिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सलामी झाली. भिवा कानाशी वाकला. "दादा, गावचं जावई तुमी. तुमाला पाडून कसं व्हईल? मी आपला पोटावर पडतो, तुमी फकस्त उलथा मला."

पडला बिचारा. मी खांदा ओढला, पाय ओढला, कमरेत हात घातला. जागचा हलेना. भोवतीनं पोरंसोरं मलाच डाव शिकवायला लागली.

"दादा, जोर लावा की," भिवा मातीतनं म्हणाला.

"लावलाय रे. एवढाच आहे."

"मंग मीच वळतो. तुमी बाजूला व्हा."

कुठल्या बाजूला, ते विचारायचं राहिलं. मी ज्या बाजूला झालो, भिवा त्याच बाजूला वळला. त्याची पाठ माझ्या छातीवर आणि माझी पाठ मातीला. पडायला तयार असलेल्या पैलवानाखाली चीत झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? निकाल पुकारायचा होता मामांना. खाली मान घालून त्यांनी तो पुकारला.

त्या रात्री ही माझ्याशी बोलली नाही. मामा बोलले, पण फक्त भाकरी वाढू का एवढंच.

दुसऱ्या साली वाटलं, आता कसलं बोलावणं. पण आलं. हगाम्यात पंचांशेजारी मानाची खुर्ची दिली आणि मामांनी स्वतः माझ्या दोन्ही हातांत एकेक नारळ ठेवला. लोक म्हणाले, बघा, जावयाचा केवढा मान. माझेही डोळे भरून आले.

तेवढ्यात पैलवान रिंगणाभोवती फिरवायला काढला आणि मामा कानात म्हणाले, "हगामा उठंपतुर नारळ खाली ठिवायचं न्हाईत."