वेळ चार पंधरा

दिघेसाहेबांना पकडून नेलं त्याला सात महिने झाले, तरी पनवेलात लोक मला अजून विचारतात, "मुनाफभाई, तो देशद्रोही तुमच्याच दुकानात यायचा ना?" मी म्हणतो, हो, यायचा, आणि तुमच्यासारखी रांग मोडायचा नाही. मग माझं डोकं फिरतं आणि मी शटर अर्धं खाली ओढतो.

तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांचे दाखले, सातबारे, निकाहनामे या काचेवर पालथे पडले. आमच्या धंद्याचा एक नियम आहे: कागद बघायचा, वाचायचा नाही. पण डोळ्यांना कुठे लगाम असतो?

अविनाश दिघे रोडपालीला दोन खोल्यांत एकटे राहत. बायको वारलेली, मुलगी रुचिरा पुण्याला. आधी फौजेत कारकून होते, नंतर मुंबईच्या एका सरकारी दप्तरखान्यात लागले. जुन्या फायली सांभाळायच्या आणि मुदत संपली की यादी करून जाळायच्या, हे त्यांचं काम. मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. कागदाच्या कडा टेबलावर आपटून सरळ केल्याशिवाय हातात द्यायचे नाहीत. इतका सरळ माणूस की त्याचा कंटाळा यावा.

दर शनिवारी दुपारी तीनला, गल्लीत शुकशुकाट असताना ते यायचे. चार-पाच कागद, प्रत्येकाच्या दोन प्रती. आणि आल्याबरोबर पहिलं वाक्य, रेडिओ बंद करा. एकदा मी चिडलो. दुकान माझं, रेडिओ माझा, दोन गाणी ऐकली तर तुमचं काय बिघडतं? ते म्हणाले, गाण्याचं काही नाही हो, मधे खरखर येते ना, ती सहन होत नाही. बोलताना त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. मी मुकाट्याने बटण दाबलं.

बिघडलेली प्रतसुद्धा ते मोजून, घडी घालून खिशात घालायचे. मागे काही ठेवायचे नाहीत. राहिलं ते माझ्या मशीनमुळे. एका शनिवारी मधेच कागद संपले. नवं रीम आणायला कोण जाणार, म्हणून मी त्यांचं काम दुसऱ्या मशीनवर उरकून दिलं. पण पहिल्या मशीनच्या मेमरीत एक प्रत छापायची राहून गेली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ते मशीन मी मेनमधून कधी बंद करत नाही. गरम व्हायला फार वेळ घेतं.

सोमवारी सकाळी ट्रेमध्ये कागद भरले आणि वळून अगरबत्ती लावत होतो. मागे मशीन जागं झालं. काचेवर काही नव्हतं, मी बटणाला हात लावला नव्हता. प्रकाशाची पट्टीसुद्धा फिरली नाही. नुसती घरघर झाली आणि एक कागद हळूच बाहेर आला. कारण मला ठाऊक होतं, धंदाच माझा तो. तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मी तो वाचला. वायरलेसवरच्या बोलण्याची नोंद होती. डावीकडे वेळ, मधे पलीकडून आलेला शब्द, उजवीकडे दिलेलं उत्तर. चार पन्नास: गोळे आपल्याच बाजूने येत आहेत, थांबवा. पाच तीस: तेवीसपैकी अकरा उरलो. सहा वीस: सूर्य वर आलाय, आता दुर्बिणीतून बघा, आम्ही आपलेच आहोत. सहा चाळीस: भोपी बोलतोय, कुणी ऐकतंय का? उजवीकडचा उत्तराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

आता ऐका. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी दिघेसाहेबांची तेवीस सांत्वनपत्रं झेरॉक्स केली होती. तेवीस घरांना गेलेली, सगळ्यांत एकच ओळ: आपल्या मुलाला शत्रूच्या गोळ्याने पहाटे चार वाजून पंधरा मिनिटांनी तत्काळ वीरमरण आलं. म्हणजे कागदोपत्री मेलेली माणसं अडीच तास बोलत होती. तो कागद हातात घेऊन मी भर सकाळी दुकानाचा दिवा लावला. तौबा, स्वतःच्याच दुकानात मला भीती वाटत होती.

शनिवारी मी तो त्यांच्यापुढे ठेवला. ते स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. लढाई कुठली ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एका मोठ्या साहेबाने ठाणं शत्रूच्या हाती गेलं असं ठरवून त्यावर तोफा लावल्या होत्या. चूक कळली तेव्हा ती कबूल करण्यापेक्षा माणसं आधीच मेली असं लिहिणं सोपं होतं. पत्रं टाइप करायचा हुकूम दिघेसाहेबांना झाला.

"पाच वाजता मी पत्र टाइप करत होतो आणि शेजारच्या तंबूत वायरलेसवर तो भोपी बोलत होता, मुनाफभाई," ते म्हणाले. "त्याच्याच आईचं पत्र. मी टाइपरायटर जोरात बडवत होतो, आवाज झाकला जावा म्हणून."

अठरा वर्षांनी तीच फाइल जाळायच्या यादीत आली. त्यांनी ती जाळली नाही. एक संच वर्तमानपत्राला पाठवला आणि प्रत्येक घराला पत्राची व नोंदीची प्रत टपालाने. बावीस घरं झाली होती. तेविसावं राहिलं होतं ते नेऱ्याजवळचं, वायरलेसवरच्या जगन भोपीचं. सगळ्यात जवळचं म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं, तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणाले.

मग बातमी फुटली. टीव्हीवर गुप्त कागद, गुप्त कागद, नुसता आरडाओरडा. साध्या कपड्यातली दोन माणसं पनवेलच्या टपाल कार्यालयात चौकशी करून गेली. माझं नाव मुनाफ. अशा प्रकरणात ते आलं तर पुढे काय होईल, हे मला कुणी समजवायला नको. घरी माझी बायको फहमिदा म्हणाली, त्या माणसाला पुन्हा पायरी चढू देऊ नका. तिचं चुकलं नव्हतं. पण रविवारी सकाळी ते आले आणि म्हणाले, आता टपालाचा भरवसा नाही, पकडायच्या आत एवढं एक पोचायला हवं. मी स्कूटर काढली. का काढली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा तो कोरा रकाना डोळ्यांपुढून जात नव्हता.

जगनची आई ठमाबाई अंगणात पावटे सोलत बसली होती. सत्तरीची, वाचता न येणारी. दिघेसाहेब उभेच राहिले आणि त्यांनी नोंद पहिल्यापासून वाचून दाखवली. वाचताना एकदाही थांबले नाहीत. मला वाटलं, बाई आता छाती पिटेल, शिव्या देईल. तिने फक्त विचारलं, "म्हंजे सूर्य उगवला तवा तो जिता व्हता?"

"हो," दिघेसाहेब म्हणाले. "चार पंधरा मी लिहिलं, मावशी. साहेबाच्या हुकमाने खोटं लिहिलं. मी तेव्हा त्याला ऐकत होतो."

मला वाटलं, दोन-अडीच तासांनी हिला काय फरक पडणार? तारीख तर तीच. आमच्यात तारीख मगरिबला, सूर्य मावळला की बदलते, सरकारात रात्री बाराला. त्यांच्यात ती उगवतीला बदलते, हे तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. पत्रात पहाटे चार होते, म्हणून भटजींनी आदल्या दिवसाची तिथी धरून दिली होती. अठरा वर्षं ती त्या तिथीला पिंड ठेवत होती, आणि अठरा वर्षं कावळा शिवत नव्हता. पोराची काय इच्छा राहिली म्हणून तिने नवस केले, देवऋषी केले. थोरल्या सुनेला दोष दिला, ती शेवटी घर सोडून गेली. कावळे समोरच्या शेवग्यावर ओळीने बसायचे म्हणे, बघत राहायचे, आणि एकही खाली उतरायचा नाही.

दिघेसाहेब तिच्यासमोर मातीत बसले आणि हात जोडायला लागले. तिने ते हात धरून खाली केले. आवाज चढवला नाही.

"सायबाचं मला ठाव नाय," ती म्हणाली. "पर तुमी आयकत व्हता. मी जित्या लेकराला पिंड वाढला, बाबा. अठरा वरसं."

तिने दिघेसाहेबांकडून कागद मागून घेतला आणि तिथीचं गणित परत करायला ती आम्हाला घेऊन भटजींकडे चालू लागली.