आस्मानीचा हिरवा कसा होतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तिनं विचारलं, "काय हो?" — आणि मी म्हटलं, चहा ठेव. झालं. तर आता तुम्हाला सांगतोय. पण आधीच बोलून ठेवतो, दीपकचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. तो हरामखोर होता आणि आहे. वाईट वाटतं ते दुसऱ्याच माणसाचं — पण थांबा, असं उलटं सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

रंगापासून सांगतो. रंग हा माझा धंदा. सुरतच्या एका डाइंग मिलमध्ये मी सव्वीस वर्षं कापडाच्या शेड जुळवतो. व्यापारी कापडाची चिंधी आणून टाकतो, म्हणतो हाच रंग पाहिजे, आणि मी नुसती उजेडात धरून सांगतो की यात निळा किती आणि पिवळा किती. आणि सुट्टीच्या दिवशी, भेस्तानच्या घरी मागच्या खोलीत, जुन्या गिटारी दुरुस्त करतो. इलेक्ट्रिक. त्यातही शिकाऊ पोरांसाठी काढलेल्या स्वस्तातल्या — आखूड मान, हलकं अंग, तारांचा आवाज पकडणारा एकच पिकअप. भारीतल्या गिटारींचं सगळेच कौतुक करतात हो, या बिचाऱ्यांना कोण विचारतं? कंपनीनं कुठल्या मॉडेलला प्लेट बदलली, कधी कडा गोल केल्या, कुठला रंग बंद केला, हे मला तोंडपाठ आहे. आख्ख्या सुरतेत आम्ही खानदेशी जेवढे गिटारवाले, सगळे विचारायला माझ्याकडेच येतात.

आता दादांचं सांगायला पाहिजे. दादा म्हणजे माझे वडील. कतारगामला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान गेले. लूमवाल्याचे कान जातातच, त्यात नवल नाही. मग ते मोठ्यानं बोलायचे. समोरच्याचं कळलं नाही की हात कानाला लावून ओरडायचे, "काय म्हनस रे भो?" गल्लीत सगळ्यांना सवय होती. दीपक आमच्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा, माझा जिगरी. त्याचे वडील — त्यांना सगळे नाना म्हणत — ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मला पहिले तीन सूर त्यांनीच शिकवले. हेही सांगायलाच हवं ना?

आम्ही एकोणीस वर्षांचे असू. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम होता, माईक दीपकच्या हातात. आणि त्यानं नक्कल केली. कोणाची? दादांची! हात कानाला लावून, मान वाकडी करून — "काय म्हनस रे भो?" मग माईकवरच मोठ्यानं हसला, आणि गल्ली फुटली हसून. बाया पदर तोंडाला लावून हसताहेत, पोरं लोळताहेत. मी स्टेजच्या बाजूला वायर धरून उभा. दादा पहिल्या रांगेत. त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. टाळ्या वाजवल्या हो माझ्या बापानं! दीपककडे बघून मान डोलावली, शाब्बास पोरा अशी.

घरी आल्यावर मला विचारलं, "काय म्हने रे तो?" मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

मी दीपकशी भांडलोही नाही. उलट हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारली. भेकड म्हणा, काहीही म्हणा. पण त्याच रात्री ठरवलं होतं की यालाही त्याच्या बापावरूनच घाव घालायचा. कसं, ते माहीत नव्हतं. पुढं दादा गेले, आमची लग्नं झाली, पोरं झाली, दीपकही भेस्तानलाच राहायला आला. सणाला एकमेकांकडे जाणं-येणं चालू. मी विसरलो असेन असं त्याला वाटलं असेल. नाही, त्याला तर मुळात आठवतही नसेल. तोच तर राग आहे!

मग नाना वारले. आणि त्यांच्यामागे घरात एक भांडण राहिलं, ते त्या गिटारीचं. दीपकच्या आईनं, म्हणजे सिंधू मावशीनं, लग्नानंतर आपल्या पाटल्या मोडून नानांना गिटार घेऊन दिली होती. आस्मानी रंगाची. पुढे नाना दारूला लागले, मावशी पोराला घेऊन काही वर्षं माहेरी अमळनेरला राहिली. परत आली तेव्हा नाना ऑर्केस्ट्राच्या खोलीतून गिटार घरी घेऊन आले — तर ती हिरवी! मावशी म्हणाली, माझी गिटार दारूत घातली आणि कुठली तरी दुसरी उचलून आणली. नानांनी दारू सोडली, दीपकच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तीच आहे म्हणून. पण रंगाचं काय सांगणार? त्यांनाच कळत नव्हतं तो कसा बदलला ते. मरेपर्यंत त्या घरात ते खोटारडेच राहिले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर होती. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी घागर, गार पाणी, वर खरबूज ठेवायचं, पुरणपोळीचा घास द्यायचा. तेवढं पाणी त्याला वर्षभर पुरतं असं आमच्या बाया मानतात. मावशी अडून बसली होती — नानांच्या नावानं घागर भरायची नाही. म्हणून दीपक गिटार घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "जो ने, बघ ना भटू, तू नीट बघून सांग. तीच असली तर आई घागर भरेल. तू बोलशील ते ती मानेल."

मी गिटार उजेडात धरली. आणि सांगतो तुम्हाला, मला एक क्षणही लागला नाही. रंगावरचं लॅकर, म्हणजे वरचं पारदर्शक वॉर्निश, जुनं झालं की पिवळं पडतं. खिडकीचं ऊन, सिगारेटचा धूर, आणि वर्षं. आस्मानीवर पिवळं चढलं की काय होतं? हिरवं होतं. मिलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात हे! तीच गिटार होती. नाना खरं बोलत होते.

मी दीपककडे बघितलं. तो हात चोळत उभा होता. आणि मी म्हणालो, "दुसरी आहे रे."

नुसतं म्हणून थांबलो नाही. पुरावा दिला. त्याला वरची कड दाखवली, जिथं वाजवताना हात टेकतो ती. म्हटलं, पहिल्या मॉडेलच्या कडा धारदार होत्या, गोल कडा नंतर आल्या, हिरवा रंगही नंतरच काढला. ही गोल आहे बघ. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि मान खाली घातली. यातलं मॉडेलचं खरं होतं, हिरव्याचं मी तिथल्या तिथं बनवलं. आणि ती एकच कड गोल होती, बाकीच्या सगळ्या धारदार. नानांच्या हातानं झिजली होती ती. इतकी वर्षं तिथं हात टेकून वाजवलं त्यांनी, आणि मी तेच त्यांच्यावर उलटवलं.

दीपक खाली बसला आणि रडला. मला काय वाटलं? गोड वाटलं. पोट भरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

जाताना म्हणाला, हा रंग डोळ्यासमोर नको, काळी करून टाक. आखाजीच्या आधीच्या रविवारी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. पिवळं लॅकर निघत गेलं आणि खालून आस्मानी वर आला. आधी बोटभर, मग वीतभर, मग सगळी गिटार. काय रंग होता! तासभर ती माझ्या मांडीवर होती, मावशीनं घेतली होती तशीच. मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून. नुसती हाक मारायची होती. मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. मी पेपर बदलला आणि घासत राहिलो, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. नखांत निळी पूड बसली होती, ती घासून धुतली.

आखाजीला मुद्दाम त्यांच्या दारावरून गेलो. घागर नव्हती. घरी येऊन दादांची घागर भरली, त्यांना घास दिला आणि मग पोटभर आमरस-पुरणपोळी खाल्ली. नाना मला तीन सूर शिकवून गेले होते, हे जेवताना आठवलं. तरी वाढून घेतलं.

आणि इथवरच असतं तर सूड होता म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण यंदाच्या आखाजीच्या आदल्या दिवशी मावशी दारात बसलेली दिसली. आता फार थकली आहे. मांडीवर नवी कोरी घागर. बाजारातून स्वतः घेऊन आली होती, दीपकला न विचारता. मला थांबवलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाली, "भटू, नीट देखं व्हतं ना रे भो?"

आता तर दीपकचा काही संबंधच नव्हता. ही बाई मला लहानपणी भाकरी वाढायची. तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं की तिचा नवरा खोटा नव्हता. एक शब्द. पण आत दीपक फोनवर कोणाशी तरी बोलत होता आणि मोठ्यानं हसला — तसाच, त्या माईकवर हसला होता तसा.

मी म्हटलं, "नीट देखं मावशी. दुसरीच व्हती."

तिनं माझा हात सोडला. मग ही घागर पिण्याच्या पाण्याला होईल, असं म्हणाली आणि ती उचलून आत गेली.