पाठवण्याआधी फोन विचारत का नाही?

मित्रांनो, डोकं तापलंय, म्हणून स्टेशनवरून थेट सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

जिच्यावर माझा जीव आहे, तिचा नंबर घरच्यांना संशय नको म्हणून मी ‘सलीममामा मोटर २’ या नावानं ठेवलाय. ‘सलीममामा मोटर’ म्हणजे तळेगावचे खरे सलीममामा, जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारे. फोनमध्ये दोन्ही नावं एकाखाली एक.

उद्या तिला बघायला पाहुणे येतायत. दुपारी घाईत मेसेज केला, "पाचला दौंड स्टेशनवर ये. आली नाहीस तर माझं काही खरं नाही."

पाचला जीपमधून सलीममामा उतरले, धापा टाकत.

"खरं नाही म्हंजी काय रं? मोटर उघडी टाकून आलो!"

मेसेज मामांना गेला होता! मी या फोनच्या नावानंच भडकलो. मेसेज पुसताना हा डबा विचारतो, ‘नक्की पुसू का?’ पाठवताना मात्र गप्प! माणूस कुठं चुकतो, हे बनवणाऱ्याला कळायला नको?

मामा हसले. "आता तरी तिला पाठीव."

मेसेजातली वेळ बदलली, या खेपेला नाव नीट बघितलं. बटणावर अंगठा ठेवला, तेवढ्यात मामांनी मनगट धरलं. "खात्री हाय का?"

कॉलेज अर्धवट सोडताना मला हे कुणीच विचारलं नव्हतं. "व्हय, मामा," म्हणालो आन् दाबलं.

उत्तर अजून आलेलं नाही. तुमचा फोन विचारतो का हो?