लंडन ते पुणे, मार्गे ठाणे

माझा मुलगा लग्न होऊन लंडनला गेला तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. तासा-मिनिटांत मला कोण फसवणार?

तिकडे पोचल्यावर त्यानं फोनवर सांगितलं होतं, मुंबईहून दुपारी दीडला निघालो, संध्याकाळी साडेसहाला पोचलो. म्हणजे पाच तास. वर्षभरानं दोघांचं सुट्टीवर यायचं ठरलं. तिकडून रात्री साडेनऊला निघणार, मुंबईत सकाळी अकराला उतरणार. म्हणजे साडेतेरा. अंतर तेच सव्वासात हजार किलोमीटर, मग हे वरचे साडेआठ तास कुठले? मी कॅलेंडरच्या मागे वजाबाकी मांडली आणि उत्तर काढलं: ठाणे. सूनबाईंचं माहेर. पहाटेच उतरून पोरगा सासुरवाडीला झोपणार आणि आईला अकराची वेळ सांगणार.

त्या दिवशी मंडईतून अळू आणून फतफतं करून ठेवलं. रात्री आठला बेल वाजली.

"किती वाजता उतरलात?" मी दारातच विचारलं.

"अकराला. सांगितलं होतं ना, आई."

"जाताना पाच तास, येताना साडेतेरा. वाटेत चहाला थांबतं का विमान?"

मुलगा बॅगेवरच बसला. सुनेनं मनगट पुढे केलं. "अहो आई, माझं घड्याळ अजून तिकडचंच आहे. बघा, साडेतीन वाजलेत."

भिंतीवर आठ. साडेचार तास जातानाच्या वेळेत मिळवायचे, येतानाच्या वेळेतून वजा करायचे. दोन्हीकडून नऊ-साडेनऊच येत होते. पाचवीतल्या मुलानं ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शहाणी बाई इथे गप्प बसली असती. मी म्हटलं, "बरं. अकराला उतरलात. पुण्याला यायला चार तास. मग वरचे पाच?"

मुलगा चपला काढण्यात फारच गुंतला. सून म्हणाली, "ठाण्याला होतो. जेवलो, झोपलो."

"आधी तिकडे?"

"तिथे दारात कुणी वेळ विचारत नाही."

अळू मी वाढलं, पण पुन्हा गरम केलं नाही. अशी होते मी.

पुढच्या खेपेला तो आधी कुणाच्या दारात उभा राहतो, हेच वर्षभर मनात घोळत होतं. या वेळी दोघं दुपारी तीनला हजर. मी ओठ आवळून धरले, एक प्रश्न केला नाही. मात्र ती दोघं आंघोळी उरकत होती तेवढ्यात विहीणबाईंना फोन लावला. न जाणो, त्या स्वतःच बाहेरगावी गेल्या असतील, म्हणून स्वारी थेट इकडे.

"नाही हो, घरीच आहे," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं दोघांना, या वेळी सरळ पुण्याला जा. पोचले का?"

"पोचले."

आभार मानावेत की काय करावं, कळेना. शेवटी म्हटलं, रविवारी जेवायला या. त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच, की मला ते जरा खटकलंच.