बारवेतला पांढरा दोरा

ती दुपार विसरावी म्हटलं तरी विसरत नाही. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या चौकीत तपासणीला गेलो होतो. चहा सांगितला होता, तो यायच्या आधी गावचे पोलीस पाटील धापा टाकत आले.

"साहेब, बारवेत करणी केलीय कुणीतरी. आसरांच्या दगडाला दोरा बांधून पाण्यात सोडलता. आमी कापला, हाताला आला तेवढा वढून काढला. गडी बी धरलाय."

चौकीमागच्या जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड आहेत. बायका तिथे दहीभात ठेवतात. त्या दगडांना परक्याने दोरा गुंडाळला, एवढं कारण गाव पेटायला पुरतं. म्हणून मी आधी त्या माणसाला गर्दीतून सोडवून चौकीत आणलं. संशयित जमावाच्या हाती राहिला की एका गुन्ह्याचे दोन होतात. हवालदाराने दोऱ्याचा गुंडाळा ताब्यात घेतला, पंच बोलावले, डायरीत नोंद केली.

पकडलेला माणूस परळीचा मेकॅनिक होता. लिंबाखाली गाडी लावून आत झोपलेला सापडला होता.

"हिथं कावून आलतास?" पाटलांनी दरडावलं.

"हवा भरायला."

"कशात? विहिरीत?" मी विचारलं. हवालदार हसला, मेकॅनिक हसला नाही.

"साहेब, मी एकाला जबान दिलीय. जरा दम धरा, सगळं कळंल तुमाला."

गप्प बसणारे मी नोकरीत खूप पाहिले. स्वतःसाठी गप्प बसणाऱ्याची नजर दाराकडे जाते. हा मात्र सारखा भिंतीवरचं घड्याळ बघत होता. म्हणजे तो कुणाची तरी वाट बघत होता. मी दरडावणं थांबवलं आणि दोऱ्याचा गुंडाळा टेबलावर त्याच्यापुढे ठेवला.

"हा तरी तुझाच ना?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्यो हिथं कसा? साहेब, ह्यालाच धरून तो भाईर येणार हाय!"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. बारवेच्या भिंतीत पाण्याखाली भुयार आहे. पाण्यातल्या गुहांत उतरायचं शिक्षण घेतलेला पुण्याचा एक इंजिनिअर पाठीवर हवेच्या टाक्या बांधून त्यात शिरला होता. ग्रामपंचायत परवानगी देणार नाही म्हणून त्याने विचारलंच नव्हतं. टाक्या भरून देणाऱ्या मेकॅनिकलाही तोंड बंद ठेवायला लावलं होतं. असा माणूस आत जाताना दोरा सोडत जातो आणि तोच धरून परत येतो. बाहेरचं टोक बांधायला त्या शहाण्याला नेमका आसरांचा दगड सापडला होता!

आम्ही धावलो. बारवेत वेगळाच गोंधळ होता. दोऱ्याच्या टोकाला काळी बाहुली असणार म्हणून गडी बुड्या मारून शोधत होते. गाळ उठून पाण्याचा पार चहा झाला होता. आत माणूस आहे म्हटल्यावर आणखी दोघे सदरे काढायला लागले.

"सगळे वर या!" मी ओरडलो. "पाण्यात पाय घालील त्याला आत टाकीन!"

"साहेब, मरंल की तो! मीच कापलाय दोरा," एक धिप्पाड गडी रडायला आला. तासाभरापूर्वी मेकॅनिकची गचांडी धरणारा तो हाच.

मेकॅनिक म्हणाला, "त्यो म्हणलता, दोरा सुटला तर हलायचं न्हाई. पाणी निवळू द्यायचं."

मेकॅनिकच्या गाडीत पाण्यात चालणारी जादा बॅटरी होती. ती दोरीला बांधून आम्ही भुयाराच्या तोंडासमोर सोडली आणि उभे राहिलो. पळण्याची मला सवय होती, उभं राहण्याची नव्हती. मी देवभोळा नाही, पण त्या दिवशी आसरांपुढे हात जोडले. लाज वाटली नाही.

गाळ हळूहळू बसला. खाली बॅटरीचा उजेड दिसायला लागला. मग बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांमागे डोकं. त्या धिप्पाड गड्याने त्याला टाक्यांसकट उचलून पायरीवर बसवलं आणि गळ्यात पडून रडला. हवालदाराने आणलेला गार चहा मी तसाच घटाघटा प्यायलो. इतका गोड चहा पुन्हा मिळाला नाही.

इंजिनिअरला चांगलं खडसावलं, समज देऊन सोडलं. भुयार बुजवा, असं गावात काहीजण म्हणाले. मी म्हणालो, बुजवाल, तर असले हौशी रात्री येऊन फोडतील. त्यापेक्षा चौकीत कळवून, जोडीदार घेऊन, शिकलेल्यानेच उतरायचं, असं ठरवा. ग्रामपंचायतीने तसा फलक लावला आणि दोरा बांधायला आसरांपासून लांब लोखंडी कडी बसवली.

त्यानंतर हाती आलेली कुठलीही वस्तू जप्त करताना मी आधी विचारायचो, हिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

निवृत्तीनंतर एकदा सहज त्या बारवेवर गेलो. कडीला पांढरा दोरा बांधलेला होता आणि शेजारी तोच धिप्पाड गडी मांडी घालून बसला होता. मी वाकून बघायला गेलो, तर त्याने मान वर न करताच हात आडवा घातला.

"दोऱ्याला हात लावू नको बे. आत माणूस हाय."